तुमचा दिवा समुद्रातून दिसतो का?

मागच्या अंकात मी जेमतेम दोन ओळी लिहिल्या होत्या, त्याही खाली जागा उरली म्हणून. माहेरी दापोलीकडे गेले होते, चुलतभावाने समुद्राच्या अंगाला होमस्टे काढलाय, अंगणात मोठा पांढरा फ्लडलाईट लावलाय, आणि एका पहाटे कासवाची पिल्लं समुद्राकडे जायची सोडून तुळशी वृंदावनाभोवती सापडली. बस, एवढंच. पण त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की ह्या महिन्याचं सगळं पान कासवांनाच देऊन टाकते. ज्यांनी लोणच्याला बुरशी का येते, कुकरची शिट्टी का अडकते वगैरे विचारलंय त्यांनी कृपया महिनाभर थांबा.

ताई, पिल्लं दिव्याकडे का जातात? पतंग दिव्यावर झडप घालतो तसंच का हे? (बडोद्याच्या रावपुऱ्यातले एक निवृत्त मास्तर)

मास्तर, तसंच नाही, पण शेवट तसाच होतो म्हणा. पतंगाचं वेगळं प्रकरण आहे. कासवाचं पिल्लू दिव्याला भुलत नाही, ते दिव्याला समुद्र समजतं. म्हणजे बघा, वाळूत हातभर खाली अंडी असतात, ऑलिव्ह रिडले ह्या जातीच्या समुद्री कासवाच्या एका घरट्यात साधारण शंभर-सव्वाशे, पिंगपाँगच्या बॉलसारखी. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं फुटतात, सगळी मिळून वाळू खाली ढकलत ढकलत वर येतात आणि वरची वाळू गार लागली की समजतात रात्र झाली, मग एकदम बाहेर पडतात. चार सेंटीमीटरचा जीव, डोळे वाळूच्या पातळीला, समोर काय दिसणार त्याला? समुद्र दिसतच नाही, त्याला फक्त कुठल्या बाजूला उजेड आहे आणि कुठल्या बाजूला काळोख एवढंच कळतं. लाखो वर्षं हा हिशोब बरोबर होता, कारण माणूस नसलेल्या किनाऱ्यावर पाण्यावरचं आकाश हीच सगळ्यात उजळ पट्टी असते आणि जमिनीकडे वाळूचे उंचवटे, केवडा, सुरूची झाडं असा काळा ढीग असतो. म्हणून काळ्या उंच आकारापासून लांब पळायचं आणि क्षितिजाजवळच्या उजेडाकडे धावायचं, एवढाच नियम त्याच्या डोक्यात भरलेला आहे. आपण काय केलं, काळ्या बाजूलाच हजार वॉट लावून ठेवले.

ते माग मी स्वतः बघितले म्हणून सांगते. पिल्लांचा माग म्हणजे शिवणाच्या मशीनने टाके घालावेत तसा बारीक असतो. घरट्यापासून समुद्र पंचवीस-तीस पावलं, पण ते टाके समुद्राकडे पाठ करून सरळ आमच्या गडग्याच्या भगदाडातून आत, आणि आत आल्यावर मात्र गोल गोल, कारण दिवा आता डोक्यावर आला आणि पोरांना काही कळेना. काही मागांच्या शेवटी पिल्लू होतं, काहींच्या शेवटी खेकड्याचं बीळ आणि काहींच्या शेवटी कावळ्याचे पाय. एक तर पाण्याच्या टाकीच्या मागे सुकून गेलेलं. पिल्लाच्या पोटात अंड्यातला बलक थोडा शिल्लक असतो, शिदोरीच म्हणा, तेवढ्यावर त्याला खोल पाण्यापर्यंत पोहत जायचं असतं, एक दिवसाच्या वर सतत पाय मारायचे असतात. ती शिदोरी आमच्या अंगणातच संपली. हजारात एखादं मोठं होतं असं म्हणतात, त्यात आपण दिवा लावून आणखी वजाबाकी करायची.

आणि बाहेर पडणाऱ्या पिल्लांपेक्षाही आधीचा घोटाळा मादीचा होतो. ती रात्री पुळणीवर चढते, उजेड दिसला की अर्ध्यातूनच वळते, अंडी न घालताच परत पाण्यात. हा पण माग दिसतो, इंग्रजी यू सारखा, गेली आणि आली. पुन्हा दुसऱ्या रात्री दुसरीकडे प्रयत्न, नाहीतर कुठेतरी खालच्या जागी, भरतीचं पाणी लागतं तिथे घालून मोकळी होते. फ्लोरिडा आणि कोस्टारिकाच्या किनाऱ्यावर ब्लेअर विदरिंग्टन ह्या अभ्यासकाने मुद्दाम दिवे लावून बघितलं होतं, ते १९९२ मध्ये छापून आलं. पांढऱ्या मर्क्युरी दिव्यांच्या पट्ट्यात माद्या जवळजवळ यायच्याच थांबल्या, आणि पिवळ्या लो प्रेशर सोडियमच्या पट्ट्यात मात्र फारसा फरक पडला नाही. हे पिवळं-पांढरं लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मग चंद्राचं काय? पौर्णिमेला तर सगळीच पिल्लं चंद्राकडे निघायला हवीत, म्हणजे जमिनीकडे उगवला असेल तर डोंगराकडे. (अलकापुरी)

हा प्रश्न एकदम भारी आहे, माझ्या डोक्यात कधी आला नव्हता, वाचावं लागलं. पिल्लाची नजर आडवी पसरट असते, डावी-उजवीकडे खूप मोठा भाग घेते पण वर-खाली फारच थोडा. क्षितिजालगतची पट्टी तेवढी ते मोजतं. चंद्र वर चढला की त्याच्या हिशोबातच येत नाही. शिवाय चंद्र सगळीकडे सारखा उजेड टाकतो, अख्खी पुळण, पाणी, झाडं सगळंच उजळतं, एका कोपऱ्यात भगभगीत आणि बाकी काळोख असं होत नाही. म्हणून उलट पौर्णिमेच्या आसपास हॉटेलच्या दिव्यांचा त्रास कमी होतो आणि अमावास्येला सगळ्यात जास्त. चंद्र बिचारा निर्दोष आहे.

ताई, आमचं मूळ गाव गुहागर तालुक्यात. दोन पिढ्या बडोद्यात आहोत पण जागा होती ती भावाभावांत वाटून आता मी तिथे चार खोल्यांचं गेस्ट हाऊस बांधतोय. तुमचं वाचून बायको म्हणाली आधी ताईंना विचारा मग इलेक्ट्रिशियनला पैसे द्या. दिवे लावायचेच नाहीत का? (दांडिया बाजार)

वहिनींना माझा नमस्कार सांगा. दिवे लावा हो, अंधारात कोण राहायला येईल तुमच्याकडे. फक्त एक गोष्ट करा, बांधकाम अर्धवट असतानाच. अंधार पडल्यावर पुळणीवर भरतीची रेषा असते ना, तिथे जा आणि चक्क पालथे पडा. लाज वाटत असेल तर बसा, पण डोकं खाली. कासवाच्या उंचीवरून तुमच्या घराकडे बघा. बल्ब स्वतः दिसतोय? मग तो झाकायचा. बल्ब दिसत नाही पण भिंत झळाळतेय? मग भिंतीवरचा उजेड कमी करायचा. वाळूवर तुमची सावली पडतेय? मग फारच झालं. माझ्या भावाला मी हेच करायला लावलं, तो पालथा पडला आणि दोन मिनिटं काही बोललाच नाही, मग म्हणाला अगं हे तर स्टेडियम आहे.

आता कसले दिवे. समुद्राच्या बाजूच्या भिंतीवर काहीच नको, जे काय आहे ते मागच्या, रस्त्याच्या बाजूला. पायवाटेला उंच खांब नकोत, गुडघ्याएवढे खुंटासारखे मिळतात ते लावा, ज्याचा उजेड फक्त खाली पडतो. व्हरांड्यात दिवा लागणारच, तर वरून टोपीसारखं शेड असलेला आणि छताच्या आतल्या बाजूला. बाहेरच्या जिन्याला सेन्सर लावा, माणूस आला की पेटेल, गेला की विझेल, वीजबिलात पण फरक दिसेल. खोल्यांना जाड पडदे, आणि पाहुण्यांसाठी एक पाटी, रात्री पडदे ओढा म्हणून. फ्लोरिडात कितीतरी काउंटींमध्ये तर हे कायद्यानेच आहे, तिथे बऱ्याच किनाऱ्यांवर १ मार्च ते ३१ ऑक्टोबर हंगाम धरतात आणि तेवढे महिने समुद्राकडून दिसणारे दिवे बंद किंवा झाकलेले. तुमच्याकडे हंगाम वेगळा, कोकणात माद्या साधारण नोव्हेंबरपासून येतात आणि पिल्लं मे पर्यंत निघत राहतात, म्हणजे नेमका तुमचा पण धंद्याचा सीझन. म्हणून तर आधीच करून ठेवा, मग हंगामात विचार करायला वेळ नसतो.

रंगाचं सांगते, इथे लोक फसतात. दुकानात वॉर्म व्हाइट म्हणून जो एलईडी देतात तो आपल्या डोळ्याला पिवळसर दिसतो पण त्याच्यात निळा उजेड असतोच, आणि कासवाच्या डोळ्याला सगळ्यात जास्त ओढतो तो निळा-हिरवाच. खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेला ट्यूबसारखा पांढरा तर अजिबात नको, २७०० चा त्यातल्या त्यात बरा, पण खरा हवा तो अंबर एलईडी, ५९० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा, गाडीच्या इंडिकेटरसारखा केशरी-पिवळा. साध्या पांढऱ्या बल्बला पिवळं प्लास्टिक चढवून अंबर म्हणून विकतात काही लोक, तो चालणार नाही. आणि एक अवांतर, २०१५ पासून देशभर रस्त्यावरचे जुने पिवळे सोडियम काढून एलईडी बसवायचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला, वीज वाचली ते चांगलंच झालं, पण किनाऱ्यालगतच्या रस्त्यांवर पण तोच पांढरा शुभ्र गेला, तिथे कोणी कासवाला विचारलं नाही. तुमच्या ग्रामपंचायतीत कोणी ऐकणारा असेल तर समुद्राकडच्या दोन-तीन खांबांना मागून पत्र्याची झडप लावून द्या म्हणा, त्याला खर्च काही नाही.

गडग्याला लागून केवडा, निरगुडी दाट वाढू द्या. तेच तुमचं काळं क्षितिज. लॉन करायला म्हणून लोक ते आधी तोडतात, मला कळत नाही, कोकणात लॉन कशाला हवंय कोणाला.

वरच्यांची बायको मीच. यांनी अर्धंच विचारलं. तिथे बिबट्या फिरतो, साप असतात, चोरांचं पण ऐकू येतं, मी एकटी असले तर अंधारात राहू का? कासव महत्त्वाचं की बाई? (तेच, दांडिया बाजार)

बाई! पहिल्यांदा बाई. पण वहिनी, फ्लडलाईटने नक्की काय होतं ते एकदा रात्री बघा. दिव्याच्या समोर दिवसासारखं आणि त्याच्या दोन हात पलीकडे ठार काळोख, आपले डोळे एवढे दिपतात की त्या काळोखात उभा माणूस असला तरी दिसत नाही. चोराला तुम्ही दिसता, तुम्हाला चोर दिसत नाही. त्यापेक्षा खाली पडणारे चार मंद दिवे आणि सेन्सर चांगला, अचानक पेटला की कळतं कोणीतरी आलंय. साप पायवाटेवर गुडघ्याएवढ्या दिव्यात जास्त चांगला दिसतो, वरून आलेल्या उजेडात तो सुतळी वाटतो. बिबट्याचं म्हणाल तर कुत्रा रात्री आत बांधा आणि उष्टं-खरकटं उघड्यावर टाकू नका, दिव्याने तो थांबत नाही. आणि मागच्या बाजूला, रस्त्याकडे, तुम्हाला हवा तेवढा उजेड करा की, मी कधी नाही म्हटलं. हट्ट आहे तो फक्त समुद्राच्या बाजूचा.

पण वनखातं आणि गावातले लोक अंडी उचलून जाळीत नेऊन ठेवतात ना? कोकणात वेळासला आम्ही बघितलंय. मग दिव्यांनी काय फरक पडतो? (मांजलपूर)

बरोबर बघितलंत. वेळासला २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेने हे काम सुरू केलं, त्याआधी अंडी सरळ काढून खायचे, विकायचे, मी लहानपणी आमच्या भागात पाहिलंय, कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मग अंडी काढणारेच राखायला लागले. २००६ पासून कासव महोत्सव. मादी गेल्यावर घरटं शोधायचं, अंडी हळूच जाळीच्या कुंपणात तशाच खोलीच्या खड्ड्यात पुरायची, वर टोपली पालथी घालायची, आणि सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून जी पिल्लं निघाली असतील ती पाण्यापासून थोडी अलीकडे वाळूवर सोडायची, चालत जाऊ द्यायची. त्या पिल्लांना सकाळच्या उजेडात हॉटेलचा दिवा काय करणार, तुमचं म्हणणं बरोबर.

पण तीन गोष्टी राहतात. एक, मादी जाळीत येत नाही, ती उघड्या पुळणीवर येते, दिव्याला बघून ती वळली तर उचलायला अंडीच नाहीत. दुसरी, सगळी घरटी सापडत नाहीत. वारा माग पुसतो, माणसांच्या पायांखाली, गाड्यांच्या चाकांखाली जातो, आमच्या गडग्यापाशी निघालेलं ते असंच कोणाला न सापडलेलं घरटं होतं. तिसरी, टोपलीखाली पिल्लं रात्रीच वर येतात, आणि बाजूला झगमगाट असेल तर सकाळपर्यंत एकाच बाजूला धडका मारत दमतात, मग सोडल्यावर त्यांच्यात दम कुठून येणार. म्हणजे जाळी ही आजारी पडल्यावरचं औषध आहे, दिवा बंद करणं हे पथ्य. आपल्याकडे औषध सगळे घेतात, पथ्य म्हटलं की तोंड वाकडं.

ओडिशात तर जाळीचा प्रश्नच नाही, गहिरमाथा आणि ऋषिकुल्याला एका आठवड्यात लाखोंनी माद्या चढतात, एवढी अंडी कोण उचलणार. ऋषिकुल्याला गावातली पोरं रात्री बादल्या घेऊन रस्त्याच्या दिव्यांकडे निघालेली पिल्लं गोळा करून समुद्रापाशी नेतात. गहिरमाथ्याजवळ क्षेपणास्त्र चाचणीचं बेट आहे, पूर्वीचं व्हीलर आणि आताचं अब्दुल कलाम बेट, तिथल्या दिव्यांबद्दल पण वर्षानुवर्षं बोलणी चालतात, हंगामात दिवे झाका, बंद करा म्हणून. क्षेपणास्त्रवाल्यांना सांगता येतं तर रिसॉर्टवाल्याला सांगायला आपली जीभ का अडखळते.

बडोद्याला ना समुद्र ना कासव. इथल्या मराठी मासिकाने ह्यावर पान कशाला घालवायचं? (नाव नको)

कासव नाही कसं, सुरसागरात आहेत, विश्वामित्रीत आहेत, मगरींबरोबर नांदतात. माझी गुजराती शेजारीण पण हेच म्हणाली, काचबा तो तळावमां होय, दरियामां पण होय? होय म्हटलं, होय, मोठे मोठे.

बाकी समुद्र नाही हे आजचं झालं. ओखामंडळ, म्हणजे द्वारका, ओखा, मिठापूर तो सगळा टोकाचा भाग गायकवाड सरकारचा होता, हे आपल्या आजोबांना पाठ होतं, आपण विसरलो. सयाजीराव महाराजांच्या काळात बडोदा सरकारने जेम्स हॉर्नेल नावाच्या इंग्रज समुद्रशास्त्रज्ञाला ओखामंडळच्या समुद्रातले जीव तपासायला सांगितलं होतं, शंख-मोत्यांचा धंदा वाढवता येईल का म्हणून, आणि त्याचा रिपोर्ट १९०९ मध्ये छापला. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी ह्याच गावातून समुद्रातल्या किड्या-शंखांच्या तपासाचे पैसे मंजूर होत होते. त्याच सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आजही हिरवं कासव आणि ऑलिव्ह रिडले दोन्ही अंडी घालतात, पोरबंदरजवळ माधवपूरला वनखात्याचं कासवांचं केंद्र आहे. आणि दिवाळीत द्वारका, शिवराजपूर, सोमनाथ, दीवला जाऊन समुद्राकडच्या खोल्या कोण बुक करतं? आपणच. सी व्ह्यू पाहिजे, रात्री बाल्कनीत लाईट पाहिजे, खाली लॉनवर लाईट पाहिजे. गिऱ्हाईक बडोद्याचं असेल तर प्रश्न पण बडोद्याचा. पुढच्या वेळी बुकिंग करताना एवढं विचारा, रात्री किनाऱ्याकडचे दिवे बंद ठेवता का. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की मॅनेजर आपणहून बंद करतो, मी हॉटेलवाल्यांच्या घरात वाढलेय, मला माहितीये.

माझ्या बहिणीचं लग्न फेब्रुवारीत कोकणात बीचवर ठरलंय, डेस्टिनेशन वेडिंग. लेझर, एलईडी वॉल, रात्री फटाके असं पॅकेज आहे. आता मला टेन्शन आलंय. (कारेलीबाग)

टेन्शन यायलाच हवं, फेब्रुवारी म्हणजे ऐन हंगाम. पण उपाय आपल्याच पंचांगात आहे, गोरज मुहूर्त धरा. सूर्य मावळताना समुद्रासमोर अक्षता, फोटो पण त्याच उजेडात सगळ्यात छान येतात, फोटोग्राफरला विचारा. अंधार पडला की वऱ्हाड आत हॉलमध्ये, मंडप रस्त्याच्या बाजूला, तिथे काय नाचायचं ते नाचा. लेझर आणि फटाके पॅकेजमधून काढायला सांगा आणि तेवढे पैसे कमी करून घ्या, ते कमी करणार नाहीत पण सांगून बघा. पुळणीवरच्या खुर्च्या, मंडपाचे बांबू रात्रीच उचलायला लावा, मादी त्याला धडकून परत फिरते. आणि बहिणीला माझ्याकडून आशीर्वाद.

मुलांना घेऊन कासव महोत्सवाला जायचंय. मोबाईलवर शूटिंग चालतं का? टॉर्चला लाल कागद लावला तर? (वाघोडिया रोड)

सकाळी किंवा संध्याकाळी पिल्लं सोडतात तेव्हा दिवसाचा उजेड असतो, दोरीच्या बाहेर राहून बिनफ्लॅशचे फोटो काढा, काही हरकत नाही, सेल्फीसाठी दोरी ओलांडू नका बस. रात्री मात्र पुळणीवर फिरायला जाऊ नका, गेलात तर स्थानिक कासवमित्राबरोबर, आणि टॉर्च बंद. दहा मिनिटं थांबलात तर डोळे सरावतात, चांदण्यात सगळं दिसतं, शहरात राहून आपण हे विसरलोय. टॉर्च अगदी लागलाच तर नाटकवाल्यांकडे दिव्यावर लावायचा लाल जिलेटीन पेपर मिळतो, तो टॉर्चला दोन-तीन पदरी लावून फक्त पायाखाली मारायचा, कासवावर नाही. मोबाईलचा स्क्रीन हा पण दिवाच आहे, ते कोणाच्या लक्षात येत नाही. मादी दिसलीच तर जिथे आहात तिथे खाली बसा, तिच्या मागच्या बाजूला, आणि तिला तिचं काम करू द्या.

आम्ही एका रिसॉर्टला होतो (नाव सांगत नाही), सकाळी लॉनवर आणि पार्किंगमध्ये बारकी कासवं. स्टाफने कौतुकाने स्विमिंग पूलमध्ये सोडली, लहान मुलं टाळ्या वाजवत होती. मला काहीतरी चुकतंय असं वाटलं पण काय करायचं ते कळलं नाही. (सुभानपुरा)

चुकतच होतं. क्लोरीनचं गोडं पाणी त्याला चालत नाही, आणि पाण्यात टाकलं की ते पोहायला लागतं, मगाशी सांगितलेली शिदोरी तिथेच जाळून टाकतं. पाण्याच्या बादलीतसुद्धा टाकायचं नाही. पहिलं काम दिवे बंद करायचे, सगळे. मग टबात किंवा कोरड्या बादलीत थोडी ओलसर वाळू, त्यात पिल्लं, वर कापड टाकून अंधार, सावलीत ठेवायचं आणि लगेच वनखात्याला किंवा गावातल्या कासवमित्राला फोन. महाराष्ट्रात वनखात्याची हेल्पलाईन १९२६ आहे. गाड्या जागच्या हलवू नका, चाकाखाली सावलीला बसलेली असतात. सगळी समुद्री कासवं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या पंक्तीला, म्हणून उचलून घरी आणणं, पूलमध्ये सोडून रील करणं हे कौतुक नाही, गुन्हा आहे. हे रिसॉर्टवाल्यांना शांतपणे सांगा, बहुतेकांना खरंच माहीत नसतं.

कासवाची आई पिल्लांना सांगत नाही का कुठे जायचं? (सहावीतली एक मुलगी, बाबाजीपुरा)

नाही गं बाळा. आई अंडी घालते, वाळू ढकलून खड्डा बुजवते, वर आपल्या अंगाने धपाधप दाबते आणि तासाभरात परत समुद्रात जाते. पिल्लं निघतात तेव्हा ती कुठल्या कुठे गेलेली असते. ओडिशात २०२१ मध्ये वल्ह्यासारख्या पायाला नंबरचा बिल्ला लावलेली एक मादी २०२५ मध्ये आपल्या गुहागरला अंडी घालताना सापडली, बघ म्हणजे केवढी भटकी असते ती. म्हणून पिल्लांना सगळं एकट्यानेच करायचं असतं. आधी उजेड बघून पाण्यापर्यंत, मग पाण्यात गेल्यावर लाटांना तोंड देत सरळ पुढे, आणि मग आणखी खोल गेलं की पृथ्वीचं चुंबकत्व कळतं त्यांना, तुमच्या होकायंत्रासारखं. त्यांतल्या मुली मोठ्या झाल्या की, म्हणजे बारा-पंधरा वर्षांनी, बहुतेक त्याच भागातल्या किनाऱ्यावर परत येतात. आणि मुली की मुलगे हे कोण ठरवतं माहितीये? वाळू. घरटं जास्त गरम असेल तर मुली जास्त, गार असेल तर मुलगे जास्त.

तू विचारलंस की तुझ्या घरी गच्चीवर रात्रभर दिवा असतो तो बंद करू का. तिथून समुद्र दिसत नाही त्यामुळे कासवासाठी नको, पण बंद केलास तर तुला तारे दिसतील. मी परवा आमच्या गच्चीवर करून बघितलं, शेजारच्या सोसायटीचा खांब मध्ये येतो, तरी नऊ मोजले.